रेडवूडचं घर, वरून खाली: अलामो स्क्वेअरमधल्या एका दर्शनी भिंतीची दुरुस्ती

व्हिक्टोरियन इमारत म्हटली की मुंबईच्या माणसाच्या डोळ्यांपुढे दगड उभा राहतो. बोरीबंदर, हायकोर्ट, राजाबाई टॉवर. बोरीबंदरचं स्टेशन बांधून होत होतं त्याच दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या टेकड्यांवर जी घरं उभी राहिली, ती मात्र लाकडाची. दर्शनी बाजूचे खांब, कमानी, छपराखालची नक्षी, सगळं लाकूडच, आणि तेही बहुतेक एकाच झाडाचं: रेडवूडचं. मेंडोसिनो आणि हम्बोल्टच्या किनाऱ्यावरच्या जंगलांतून हे लाकूड जहाजांनी शहरात यायचं, इथल्या गिरण्यांत कापलं-कोरलं जायचं, आणि कंत्राटदार नमुनापुस्तकातून नक्षीचे तुकडे निवडून घराला ठोकायचे.

अलामो स्क्वेअर परिसरातल्या अशाच एका घराची दर्शनी बाजू आम्ही दुरुस्त केली. परांचीवरचं काम कारागिरांनी केलं, खिडक्यांचं बरंचसं आम्ही स्वतः केलं. बे एरियातल्या कुणी मराठी कुटुंबाने असं घर घेतलं असेल किंवा घ्यायच्या विचारात असेल, तर कामाचा क्रम, मापं आणि कुठे काय का बिघडतं हे आधी कळलेलं बरं. दुरुस्तीच्या नावाखाली या घरांचं जेवढं नुकसान झालंय तेवढं ऊन-पावसाने केलेलं नाही.

अलामो स्क्वेअर म्हणजे फुल्टन, हेज, स्टायनर आणि स्कॉट या चार रस्त्यांमधला डोंगरउताराचा बगिचा. पूर्वेला स्टायनर रस्त्यावर ७१० ते ७२० क्रमांकांची घरांची ओळ आहे. पोस्टकार्डवर कायम दिसते ती हीच. मॅथ्यू कॅव्हनॉ या बांधकाम व्यावसायिकाने ती १८९२ ते १८९६ या काळात बांधली. वायव्य कोपऱ्यावर १८८९ चं, मनोरा असलेलं वेस्टरफेल्ड हाउस आहे, वास्तुकार हेन्री गाइलफस. पर्यटक बहुतेक या दोन जागांपाशीच थांबतात, पण खरी श्रीमंती आजूबाजूच्या गल्ल्यांत आहे: २५ फूट रुंदीच्या प्लॉटवर भिंतीला भिंत लावून उभी असलेली साधी घरं. १९०६ च्या भूकंपानंतरची आग पूर्वेकडून आली आणि १२५ फूट रुंदीच्या व्हॅन नेस रस्त्यावर ती मुख्यतः अडवली गेली, म्हणून हा भाग वाचला. पुढे १९५० ते ७० च्या दशकांत शेजारच्या फिलमोर आणि वेस्टर्न ॲडिशनमध्ये नगरपुनर्रचनेच्या नावाखाली अशी हजारो घरं पाडली गेली आणि तिथली कृष्णवर्णीय वस्ती विस्थापित झाली. ज्या घरांवर बुलडोझर चालला नाही, त्यांच्यातल्या अनेकांची नक्षी उपटून वर ॲस्बेस्टॉसचे पत्रे किंवा सिमेंटचा गिलावा चढवला गेला. अलामो स्क्वेअरला शहराने ऐतिहासिक परिसर म्हणून १९८४ साली संरक्षण दिलं.

घराची शैली आधी ओळखावी, कारण पाणी कुठून शिरणार हे तिच्यावरून कळतं. १८७० च्या दशकातली इटालियनेट घरं: तिरप्या बाजूंची पुढे आलेली खिडकी आणि वर जड, सपाट माथ्याचा कॉर्निस, म्हणजे भिंतीच्या माथ्यावरची पुढे आलेली नक्षीदार कड. त्याच्या मागे छप्पर लपलेलं असतं आणि पन्हळ कॉर्निसच्या पोटात. ती गळली की बाहेर काहीच दिसत नाही, कॉर्निस आतून कुजत जातो. १८८० च्या दशकातली स्टिक शैली: चौकोनी पुढे आलेली खिडकी, भिंतभर उभ्या-आडव्या पट्ट्या. पट्टी संपते तिथे लाकडाचं कापलेलं टोक उघडं असतं, आणि लाकूड सर्वांत जास्त पाणी टोकातूनच पितं. १८९० च्या दशकातली क्वीन ॲन: त्रिकोणी शिखरं, माशाच्या खवल्यांसारख्या लाकडी चकत्या, कधी गोल बुरूज आणि त्यात वळवलेली काच. इथे छपराच्या दोन उतारांचा सांधा आणि बुरजाचा तळ हे कच्चे दुवे. ती वळवलेली काच फुटली तर बदली काच खास साच्यावर वाकवून घ्यावी लागते, म्हणून त्या सॅशला, म्हणजे काच धरणाऱ्या सरकत्या चौकटीला, शेवटी हात लावायचा.

घराचं साल शोधताना बहुतेकांची गाडी अडते. १९०६ च्या आगीत सिटी हॉल गेला आणि आधीचे बांधकाम परवानेही गेले. त्यामुळे इथे पाण्याच्या जोडणीची नोंद कामी येते. घराला नळ कधी जोडला आणि कुणाच्या नावाने, हे पाणीपुरवठा विभागाच्या जुन्या नोंदींत सापडतं. त्याच्या जोडीला सॅनबोर्न कंपनीचे विम्याचे नकाशे पाहावेत. विसावं शतक उजाडण्याआधीचा आणि १९१३ चा नकाशा शेजारी ठेवला की पुढे आलेली खिडकी, जिना, मागची वाढ कधीची ते कळतं. मालमत्ता कर विभागाकडची जुनी छायाचित्रं मिळाली तर नक्षी उपटण्याच्या आधीचा चेहराही दिसू शकतो.

कागदोपत्री नसलेली माहिती भिंतीवरच असते. नंतर ठोकलेला ॲस्बेस्टॉस परवानाधारक माणसांकडून काढून घेतला की खाली मूळ फळ्या दिसतात आणि त्यांवर हरवलेल्या नक्षीच्या सावल्या. ब्रॅकेट (कॉर्निसखालचा आधाराचा नक्षीदार तुकडा) होतं तिथे रंगाचा थर नाही, आणि त्याच्या कडेने रंगाची बारीक वरंबी उठलेली असते. तिरका उजेड टाकून या सावल्या पारदर्शक कागदावर उतरवून घ्याव्यात, खिळ्यांची भोकंही टिपावीत. गिरणीवाल्याला हा कागद दिला की तो त्या आकाराचं पातं घासून नवा तुकडा काढून देतो. फळ्या घासून रंगवल्या की पुरावा संपला, म्हणून हे काम त्याआधी.

आता परवानगी. संरक्षित परिसरात दर्शनी बाजूला बदल करायचा तर नियोजन विभागाकडून योग्यतेचं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. किरकोळ कामांना कर्मचारी पातळीवर मंजुरी मिळते, मोठी कामं ऐतिहासिक जतन आयोगापुढे जातात. जे आहे ते त्याच सामग्रीत, त्याच आकारात दुरुस्त करायचं असेल तर वाट सोपी असते. 'बदल' आणि 'दुरुस्ती' हा फरक अर्जातल्या वर्णनावर ठरतो, त्यामुळे 'खिडक्यांचं काम' असं मोघम लिहू नये. प्रत्येक खिडकीला क्रमांक द्यावा, समोरून आणि जवळून फोटो काढावा, आणि कोणत्या दांड्याचा किती इंच भाग बदलणार हे लिहावं. रस्त्यावरून दिसणाऱ्या जागी प्लास्टिकच्या खिडक्या चालत नाहीत. नवी खिडकी करावीच लागली तर ती लाकडी हवी, उघडण्याची पद्धत तीच हवी, आणि वरच्या सॅशच्या उभ्या दांड्यांची खाली लोंबणारी नागमोडी टोकं जुन्यासारखी हवीत. ही टोकं केवळ शोभेची नाहीत. कोपऱ्यातल्या सांध्याच्या खाली लाकूड शिल्लक राहतं म्हणून सांधा फाटत नाही. परांची फुटपाथवर येत असेल तर रस्त्याची जागा वापरण्याचा परवाना वेगळा. कॅलिफोर्नियाच्या १९७२ च्या मिल्स कायद्याखाली शहराशी किमान दहा वर्षांचा, आपोआप पुढे वाढणारा देखभाल करार केला तर मालमत्ता करात सवलत मिळते. मात्र करारात लिहिलेली कामं खरंच करावी लागतात.

खरवडणी हातात घेण्याआधी शिशाचं बघावं लागतं. अमेरिकेत घरगुती रंगातल्या शिशावर १९७८ साली बंदी आली, म्हणजे या घरांवरच्या जुन्या थरांमध्ये शिसं आहे असंच धरून चालायचं. लहान मुलांच्या मेंदूला त्याची धूळ अगदी थोड्या प्रमाणातही इजा करते. पैसे घेऊन काम करणारा कंत्राटदार बाहेरून २० चौरस फुटांपेक्षा जास्त किंवा आत एका खोलीत ६ चौरस फुटांपेक्षा जास्त रंग छेडणार असेल, तर त्याच्याकडे केंद्र सरकारचं प्रमाणपत्र असलंच पाहिजे. शहराचे नियम त्याहून वेगळे आहेत आणि स्वतः काम करणाऱ्यानेही ते वाचावेत. जमिनीवर भिंतीपासून १० फुटांपर्यंत जाडसर प्लास्टिक अंथरायचं. इथे घरं एकमेकांना खेटून असल्यामुळे ते शेजाऱ्याच्या हद्दीत जातं, म्हणून त्याच्याशी आधी बोलून त्याच्या खिडक्या बंद ठेवायला सांगायचं. कोरडं घासायचं नाही, पाण्याचा फवारा मारत ओलं खरवडायचं. यंत्राने घासायचं तर हेपा गाळणीच्या (अगदी बारीक धूळही अडवणाऱ्या) व्हॅक्यूमला जोडलेलं यंत्रच. उघड्या ज्योतीला बंदी आहे, आणि गरम हवेची बंदूक १,१०० अंश फॅरनहाइटच्या वर नेली की शिशाची वाफ होते. आम्ही ती बंदूक भिंतीवर वापरलीच नाही, त्याचं कारण आणखी एक आहे. या घरांच्या चौकटीतले उभे वासे तळापासून छपरापर्यंत सलग जातात आणि मधल्या पोकळ्यांत अडसर नसतो. फटीतून ठिणगी आत गेली तर तासाभराने आग वरच्या मजल्यावर निघते. भिंतीलगतच्या मातीत वर्षानुवर्षं रंगाचे पोपडे पडलेले असतात, तिथे कोथिंबीर-मेथी लावू नये.

पाणी वरून खाली येतं, म्हणून कामही वरून खाली. खालच्या खिडक्या नव्यासारख्या करून वरची पन्हळ तशीच ठेवली तर दोन पावसाळ्यांत पुन्हा तेच. पावसाळा म्हणजे इथे साधारण नोव्हेंबर ते मार्च.

कॉर्निसच्या पोटातली पन्हळ तपासायची सोपी रीत: तोंडात बोळा घालून ती पाण्याने भरायची आणि काही तास थांबायचं. खाली कुठे ओल उमटते ते खडूने टिपायचं. जुना पत्रा चिरला की मालक डांबर फासत आलेले असतात. डांबराने गळती थोडे दिवस थांबते, पण त्या पत्र्यावर पुन्हा डाख बसत नाही, आणि डांबराला चीर पडली की पाणी त्याच्याखाली अडकून राहतं. आम्ही सगळं काढून तांब्याच्या पत्र्याचं डाख दिलेलं अस्तर बसवलं. फुटाला किमान पाव इंच उतार, खिळेही तांब्याचे. तांबं आणि जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंड एकमेकांना टेकू द्यायचं नाही, ओलाव्यात लोखंड खाल्लं जातं. मुख्य तोंड तुंबलं तर पाणी पुढून रस्त्याकडे सांडेल असं एक जादा तोंड ठेवावं. ते नसेल तर भरलेली पन्हळ मागच्या बाजूने भिंतीत रिकामी होते, आणि कॉर्निस कुजण्याचं हे नेहमीचं कारण.

भिंतीच्या फळ्या आणि नक्षी तपासायला टोच्या आणि ओलावा मापक पुरतो. टोच्या पाव इंचाहून जास्त सहज घुसला तर लाकूड मऊ पडलंय. मात्र रंग उडालेली, करडी पडलेली फळी पाहून ती कुजली असं ठरवू नये. वरचा कागदाएवढा थर घासला की खाली लालसर, टणक लाकूड निघतं. जुन्या जंगलातल्या रेडवूडची वर्षवलयं दाट असतात आणि गाभ्यात कुजण्याला रोखणारी द्रव्यं असतात. आज वखारीत मिळणारं लागवडीचं रेडवूड भरभर वाढलेलं, सैल वलयांचं असतं. जुनी फळी कचऱ्यात टाकून नवी आणणं म्हणजे चांगलं देऊन हलकं विकत घेणं. भर घालायचीच असेल तर पाडकामातून वाचवलेलं जुनं रेडवूड शोधावं. नव्या तुकड्याला बसवण्याआधी सहाही बाजूंनी रंगाचं अस्तर द्यायचं, आणि कापलेल्या टोकांना दोनदा. खिळे स्टेनलेस स्टीलचे. साधं लोखंड रेडवूडमधल्या टॅनिनशी मिळून काळे ओघळ सोडतं, ते कुठल्याही रंगातून वर येतात.

सीलंटची नळी ही या घरांची मोठी शत्रू. फळीचं टोक खिडकीच्या चौकटीला भिडतं तो उभा सांधा सीलंटने भरायचा. एका फळीवर दुसरी बसते ती आडवी फट मोकळी सोडायची, कारण आतला ओलावा तिथूनच बाहेर पडतो. आमच्या घरात आधीच्या कुणी कारागिराने या आडव्या फटीही बंद केल्या होत्या आणि त्याच भागात रंग फुगून पोपडे सुटले होते. पुढे आलेल्या प्रत्येक आडव्या नक्षीच्या माथ्यावर पातळ धातूची पट्टी, बाहेरच्या बाजूला उतार देऊन, बसवावी. रस्त्यावरून ती दिसत नाही, पण खालच्या नक्षीचं आयुष्य तिच्यावर आहे.

आता खिडक्या. दोन मजली घराच्या तिरप्या बाजूंच्या खिडकीत प्रत्येक मजल्यावर तीन खिडक्या, म्हणजे एकूण सहा. प्रत्येकीत दोन सॅश, प्रत्येक सॅशला दोन दोऱ्या आणि दोन बिडाची वजनं. चोवीस दोऱ्यांना १०० फुटी दोन गुंड्या लागतात. दोरी विणलेल्या सुताची, पाव इंच जाडीची. नायलॉनची घेऊ नये, ती ताणली जाते आणि कप्पीवर घसरते. एका वेळी एकच खिडकी उघडावी आणि भोक प्लायवूडने बंद करावं.

आधी रंगाने चिकटलेल्या सांध्यांवर धारदार सुरी फिरवायची. मग आतली पट्टी रुंद, पातळ पात्याने मधोमध उचलायची, टोकांपासून सुरुवात केली तर ती मोडते. खालची सॅश आत ओढून बाहेर काढली की दोरी सुटण्याआधी तिला गाठ मारायची, नाहीतर वजन धाडकन पोकळीत पडतं. त्यानंतर दोन सॅशच्या मधली पट्टी. ही साधारण अर्धा इंच जाडीची असते आणि बहुतेक मोडतेच, म्हणून नव्या पट्ट्या आधीच आणून ठेवाव्यात. मग वरची सॅश. ती बऱ्याच घरांत अनेक वर्षं रंगाने जाम झालेली असते, घाई केली तर वरचा दांडा हातात येतो. चौकटीच्या बाजूला तळाशी एक झाकण असतं, एका स्क्रूने बसवलेलं आणि रंगाखाली दडलेलं. ते उघडलं की वजनं बाहेर येतात. प्रत्येक तुकड्यावर खिडकीचा क्रमांक, डावी-उजवी, वर-खाली असं कोरून ठेवायचं. पेन्सिल वाफेत पुसली जाते. सगळ्या खिडक्या एका मापाच्या दिसतात, पण शतकभर हललेल्या घरात चौकटी काटकोनात नसतात आणि एकीची सॅश दुसरीत बसत नाही.

काच काढण्यासाठी वाफेची पेटी सर्वांत सुरक्षित. सॅश आत ठेवून पाऊण ते एक तास वाफ दिली की जुनी लांबी, म्हणजे काच पक्की करणारी पुट्टी, मऊ होते आणि पात्याने पट्टीसारखी निघते, बरोबर रंगही सुटतो. वाफ सगळ्या काचेला सारखी तापवते. गरम हवेची बंदूक एकाच जागी तापवते आणि काच तडकते. जुनी काच नळकांड्यासारखी फुंकून, उलगडून सपाट केलेली आहे, तिच्यातून समोरचा रस्ता किंचित लहरतो. ती काळजीने जपावी, कारण तशी काच आता सहजी मिळत नाही. बदली तावदान कापायचं तर खाचेच्या मापापेक्षा लांबी-रुंदीत प्रत्येकी १/८ इंच कमी. घट्ट बसलेली काच लाकूड फुगताच फुटते.

वाफेनंतर सॅश सावलीत वाळवायची आणि मापकावर ओलावा १५ टक्क्यांच्या खाली येईपर्यंत थांबायचं. कुजलेलं सापडतं ते ठरावीक जागी: खालच्या सॅशचे दोन्ही खालचे कोपरे आणि सिलची, म्हणजे खिडकीच्या उंबरठ्याची, दोन टोकं. अंगठ्याएवढ्या खड्ड्याला इपॉक्सी चालतं, पण आधी पातळ द्रव पाजून लाकूड घट्ट करायचं आणि मगच भरायचं. त्याहून मोठ्या जागी कुजका भाग पटाशीने चौकोनी काढून, रेषा जुळवून जुन्या रेडवूडचा तुकडा बसवायचा. सैल झालेला कोपरा क्लॅम्पमध्ये धरून काटकोन तपासायचा, जुनी खुंटी ठोकून काढून नवी घालायची. लोखंडी कोनपट्टी मारून सांधा आवळला तर तिच्यामागे पाणी साचतं.

सिलच्या खालच्या बाजूला पुढच्या कडेजवळ एक खाच असते. पावसाचं पाणी कडेवरून वळून मागे भिंतीकडे येऊ लागलं की या खाचेपाशी तुटून थेंब खाली पडतो. दर रंगकामात ती थोडी थोडी भरत जाते, आणि एकदा बुजली की पाणी सरळ भिंतीत. खिडकीखालची भिंत ओली का हे शोधताना लोक काच, लांबी, सीलंट सगळं पाहतात आणि ही खाच पाहत नाहीत. जुन्या स्क्रूड्रायव्हरने, ओलं करून, ती साफ करावी.

काच बसवण्याआधी कोऱ्या खाचेला बेलतेल (उकळलेलं जवसाचं तेल) आणि टर्पेंटाइन निम्मे-निम्मे मिसळून पाजायचं. कोरडं लाकूड लांबीतलं तेल शोषून घेतं, मग लांबी वर्षभरात भुगा होऊन गळते. तेल मुरलं की खाचेत लांबीचा पातळ थर, त्यावर काच हलक्या हाताने दाबायची, आणि दर ८ ते १० इंचांवर छोटी त्रिकोणी पत्र्याची टोकं लाकडात खोचायची. मग बाहेरून तिरपी लांबी ओढायची. तिची वरची कड आतल्या लाकडाच्या कडेपेक्षा किंचित खाली हवी, म्हणजे घरातून पाहिलं तर लांबी दिसत नाही आणि रंगाला काचेवर चढायला जागा उरते. शेवटी खडूची पूड ब्रशने फिरवली की काचेवरचं तेल निघतं. लांबीवर साय धरायला आठवडा-दोन आठवडे लागतात, उन्हाळ्यातल्या धुक्यात आणखी. बोटाचा ठसा उमटत असेल तर रंग लावू नये, सुरकुत्या पडतात. रंग देताना तो काचेवर १/१६ इंच चढवायचा. ही बारीक रेघ लांबी आणि काच यांच्यातली फट बंद करते, नीटनेटकेपणासाठी ती खरवडून टाकली तर पाणी तिथूनच शिरतं. सॅशच्या ज्या उभ्या कडा चौकटीत घसरतात त्यांना रंग नाही, थोडं तेल आणि वर मेण.

वजनं मोजून लावावी लागतात. नवी लांबी आणि रंग झाल्यावर सॅश वजनकाट्यावर ठेवायची. समजा ती ३० पौंड भरली, तर दोन्ही बाजूंना १५-१५ पौंड लागतात. वरच्या सॅशला दर बाजूला अर्धा पौंड जास्त द्यायचं म्हणजे ती वर राहते, खालच्या सॅशला अर्धा पौंड कमी म्हणजे ती बंद राहते. आधीच्या कुणी वजनांची अदलाबदल केली असेल तर वरची सॅश सारखी खाली सरकते आणि लोक तिला खिळा ठोकतात. दोरीची लांबी अशी: खालची सॅश बंद असताना वजन कप्पीच्या दोन-तीन इंच खाली हवं. वरची सॅश बंद असताना वजन पोकळीच्या तळापासून दोन-तीन इंच वर हवं. सूत थोडं ताणलं जातं, ते या दोन-तीन इंचांत सामावतं. कप्पीवरचा रंग उकळत्या पाण्यात काढून आसाला तेलाचा एक थेंब दिला की ती बोटाने फिरते.

इथे दुहेरी काच घालण्याचा सल्ला हमखास मिळतो. त्याने काचेचं वजन दुप्पट होतं, जुनी वजनं पुरत नाहीत, आणि पोकळीत लांब वजनांना जागा नसते. सॅन फ्रान्सिस्कोची थंडी फार कडक नाही. वारा फटींतून येतो, काचेतून नव्हे. चौकटीला पितळी रंगाची स्प्रिंगदार कांस्यपट्टी आणि दोन सॅश भेटतात त्या दांड्याला नीट कुलूप, एवढं पुरतं. ते कुलूप दोन्ही दांडे एकमेकांवर आवळतं. रंगाच्या थरांमुळे दांडे जाड झाले असतील तर ते जुळत नाही, आणि जोर लावला की स्क्रू उपटतात. त्यामुळे त्या तिरक्या कडांवरचा रंग पूर्ण काढूनच बसवावं.

रंग सर्वांत शेवटी. घट्ट बसलेला जुना थर काढायची गरज नाही, त्याच्या कडा घासून उतरत्या केल्या की झालं. उघड्या रेडवूडला टॅनिन अडवणारं तेली अस्तर, मग ॲक्रिलिकचे दोन हात. दाबाच्या पाण्याने भिंत धुऊ नये, पाणी फळ्यांमागे जातं आणि शिशाचा चुरा रस्ताभर पसरतो. तापमान ५० अंश फॅरनहाइटच्या वर हवं, आणि इथे घड्याळही पाहावं लागतं. दुपार उलटली की पश्चिमेकडून धुकं येतं, दव ओल्या रंगावर बसतं आणि चकाकी जाऊन चिकट ओघळ उरतात. सकाळी ऊन भिंतीवरून सरकलं की सुरुवात करायची आणि तीनच्या सुमाराला ब्रश धुवायचे. रंगसंगतीबद्दल एक सांगायला हवं. आज दिसणारे भडक, अनेकरंगी चेहरे १९६० च्या दशकापासूनचे आहेत, एकोणिसाव्या शतकातले रंग बरेच सौम्य होते. आम्ही भिंतीवर एका कोपऱ्यात थर क्रमाने उघडे करून सर्वांत खालचा रंग पाहिला आणि त्याच्या जवळ जाणारा फिकट रंग निवडला. तेवढा चौकोन न रंगवता जिन्याच्या बाजूला तसाच ठेवलाय, पुढच्या मालकाला थर मोजता येतील.

दर वर्षी पहिल्या पावसाआधी पन्हळीची तोंडं साफ करायची आणि पहिल्या मोठ्या पावसात बाहेर उभं राहून पाणी कुठून पडतंय ते पाहायचं. दक्षिण आणि पश्चिम बाजूच्या सिलवर रंगाला बारीक चीर दिसली की त्याच उन्हाळ्यात तेवढीच जागा घासून हात द्यायचा. संपूर्ण भिंतीची वाट पाहिली तर त्या चिरेतून लाकूड दोन हिवाळे पाणी पितं. उरलेली दोरी, मधल्या पट्ट्यांचे तुकडे, नक्षीच्या सावल्यांचा कागद, रंगाचे क्रमांक आणि प्रत्येक खिडकीच्या वजनांचा तक्ता तळघरात एका पेटीत ठेवलाय. घर विकलं गेलं तर ही पेटी किल्ल्यांबरोबर द्यायची.